जोडीदार तयार

१

"ते खोकं खाली ठेव, आर्डिस."

"ठेवते. आधी तू त्या कपाटासमोरून हल."

"मी मॅनेजर आहे इथली."

"आणि मी तुझे लंगोट बदललेत. मॅनेजर म्हणे! दोन महिने माझ्या तोंडावर सांगत होतीस, कार्ड आलं नाही, कंपनीकडे मालच नाही, कागद पाठवलेत, वाट बघ. आणि कार्ड कुठं? तुझ्या गाडीच्या डिकीत, ब्लँकेटात गुंडाळून!"

"माझी डिकी उघडलीस तू?"

"फावडं घ्यायला उघडली. माझी चाकं बर्फात रुतली होती. कुलूप लावत जा पुढच्या वेळी."

जोलीन कपाटाला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात पसरून. चाळिशी ओलांडलेली, डुलुथ शहरातल्या कॉलेजात शिकून आलेली बाई. पण त्या घडीला खुराड्याच्या दारात उभ्या राहिलेल्या कोंबडीसारखी दिसत होती. बाहेर रविवारची दुपार, गोठलेलं तळं, खाणीच्या लाल ढिगाऱ्यांवर साचलेला बर्फ. आत आमची खोली: खिडकी नाही, ऊब नाही, फक्त पंख्यांचा आवाज.

त्या कपाटात आमच्या टेलिफोन सोसायटीचा स्विच आहे. अख्ख्या खोऱ्याचं बोलणं त्याच्यातून जातं. दवाखाना, अग्निशामक दल, शाळेचे कॉम्प्युटर, खाणीचं ऑफिस, म्हाताऱ्यांचे फोन, तरण्यांची लफडी, सगळं. म्हणून त्याला दोन डोकी दिलेली असतात. दोन कार्डं, एकावर एक. एक काम करतं. दुसरं नुसतं बसून असतं, पण पहिल्याला जे जे कळतं ते ते त्यालाही त्याच क्षणी कळत असतं. पहिलं बंद पडलं, तर तुमच्या तोंडातला शब्द तुटायच्या आत दुसरं काम उचलतं. आम्ही त्याला पालट म्हणतो. पालट झाली हे बोलणाऱ्याला कळतसुद्धा नाही. तीच तर सगळी करामत.

ऑक्टोबरपासून त्यातला दुसऱ्या कार्डाचा खण रिकामा आहे. आणि ऑक्टोबरपासूनच जोलीनची आई, माझी मैत्रीण वर्ना स्कुबिक, गावच्या वृद्धाश्रमात पडून आहे. जागी होत नाही आणि जातही नाही.

आमचं भांडण त्या खणात कार्ड बसवायचं की नाही यावर चाललं होतं. पण दोघीही बोलत होतो वर्नाबद्दल. दोघींनाही ते ठाऊक होतं. म्हणूनच आवाज इतका चढला होता.

"सोमवारी बसवू," जोलीन म्हणाली. "शांतपणे. तज्ज्ञ माणूस बोलावून."

"तज्ज्ञ कशाला? सरकवायचं आणि दोन स्क्रू आवळायचे. तूच मला सांगायचीस, फ्रीजमध्ये ट्रे घालण्याइतकं सोपं आहे म्हणून."

"आज नाही म्हटलं ना!"

"का नाही?"

तिच्या खांद्यामागे रिकाम्या खणावरचा हिरवा दिवा लागलेला होता.

२

मी शाळा सोडली ती आठवीत. पुढचं जे काही येतं ते मी माझं मी शिकले, आणि मला त्याची लाज नाही, गर्व आहे. वर्ना आणि मी पोरी होतो तेव्हा याच इमारतीत फोनच्या जुन्या पाटीसमोर बसायचो. भिंतभर भोकं, समोर दोऱ्या. दोरीचं पितळी टोक भोकात घातलं की दोन घरं जोडली जायची. कानाला ऐकायची बोंडं, तोंडात एकच वाक्य, "नंबर सांगा."

तिथला एक रिवाज होता. खुर्ची रिकामी राहता कामा नये. जिची कामाची पाळी संपली तिनं आपणहून उठायचं नाही. जी बदलायला येईल तिनं मागं उभं राहून हिच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "मी बसले." ते ऐकलं की मगच कानातलं काढायचं. घराला आग लागलेली असो, लघवीला लागलेली असो, खांद्यावर हात पडेपर्यंत हलायचं नाही. कुणी तरी खेकसून शिकवलं होतं आम्हाला ते. पण वर्नाच्या ते हाडात गेलं. तिचा नवरा रूडी खाणीत गेला तेव्हा त्याला मातीत ठेवून ती तशीच, काळ्या कपड्यांत, पाळीवर आली होती. मी म्हटलं, अगं, घरी जा. तर म्हणे, बदली कुठंय?

तिनं आयुष्यात कधी सुट्टी मागितली नाही. दिली तर घ्यायची. मागायची नाही.

पुढे पाटी गेली, यंत्रं आली, बाकीच्या पोरींना निरोप मिळाला. आम्ही दोघी राहिलो, कारण आम्ही दोघी माहितीपुस्तकं घेऊन बसलो आणि कळेपर्यंत उठलो नाही. पण रिवाज सुटला नाही. कपाट उघडायचं असलं तरी एकीनं दुसरीच्या खांद्यावर हात ठेवायचा. गंमत म्हणून नाही. सवय म्हणून.

ऑक्टोबरात दुसरं कार्ड खराब झालं. स्विच चालू असतानाच ते काढता येतं. पंखे, वीजपुरवठा, कार्डं, काहीही काढा-घाला, यंत्र थांबत नाही. मी ते ओढून काढलं. आत काळोखा खण राहिला. वर्ना मागे कॉफीचा मग घेऊन उभी होती. तिनं वाकून आत पाहिलं आणि हसली.

"अगं बाई, खुर्ची रिकामी ठेवलीस."

"नवीन येईपर्यंत राहील."

"ठेवायची नसते," ती म्हणाली. तिनं त्या खणाच्या कडेवर तळवा ठेवला आणि अगदी जुन्या काळच्या आवाजात म्हणाली, "मी बसले."

मी हसले. तेवढ्यात मागे कॉफीचा मग फुटल्याचा आवाज आला.

वर्नाच्या मेंदूत रक्त पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, फार तर काही दिवस. ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी खोलीत परत आले, खणात धूळ जाऊ नये म्हणून त्यावर झाकणपट्टी बसवली, स्क्रू आवळले आणि मग दवाखान्यात गेले. माणूस अशा वेळी सवयीनंच चालतं.

३

रोज सकाळी मी कॉफी घेऊन त्या खोलीत जाते आणि दिवे बघते. शेतकरी गोठ्यात जाऊन गाई बघतो ना, तसं. कुणाचं काय दुखतंय ते दिव्यांवरून कळतं.

प्रत्येक कार्डाच्या खणावर एक बारीक दिवा आहे आणि त्याखाली कोरलेलं आहे: जोडीदार तयार. दोन्ही कार्डं एकमेकांना सतत विचारत असतात, आहेस का, आहेस का. उत्तर मिळत असेल तर दिवा हिरवा. उत्तर नसेल तर काळा. कार्डच नसेल तर अर्थात काळा.

एका सकाळी रिकाम्या खणावरचा दिवा हिरवा होता.

मी बोट मारून पाहिलं. कॉफी ठेवून चष्मा पुसून पाहिलं. झाकणपट्टी काढून आत टॉर्च मारला. मागच्या बाजूला नुसत्या पितळी पिना, त्यांच्यावर थोडी धूळ. पट्टी परत लावली. हिरवा.

जोलीनला दाखवलं. ती म्हणाली, "जुनी स्थिती लक्षात अडकून बसलीय. होतं असं. पूर्ण बंद करून चालू केलं की जाईल."

"मग कर."

"अख्खं खोरं मुकं करून? एका दिव्यासाठी?"

खरं होतं तिचं. यंत्रांना असल्या खोडी असतात, मी स्वतः पाहिल्यात. मला पटलं. निदान मी पटवून घेतलं.

मग एके दिवशी धूळ पुसताना हात त्या पट्टीवर गेला. बाकीच्या पट्ट्या गार, पत्र्याला हिवाळ्यात असावं तशा. ही कोमट होती. गालासारखी. शेजारच्या कार्डाची धग असेल, मी म्हटलं. शेजारचं कार्ड खालच्या अंगाला आहे, त्याला खेटून असलेली दुसरी पट्टी गार आहे, हे मला तेव्हाच दिसत होतं. तरी म्हटलं.

आणि आवाज. त्या पंख्यांचा सूर मला माझ्या नवऱ्याच्या घोरण्याइतका पाठ होता, देव त्याचं भलं करो. आता त्या सुराखाली आणखी काही तरी होतं. हळूच चढायचं, हळूच उतरायचं, मध्ये किंचित अडखळायचं. मी विणकाम घेऊन वर्नाजवळ बसायला जायची, तिच्या श्वासाबरोबर सुया चालायच्या. चढ, उतार, मध्ये किंचित अडखळ. एक दिवस स्विचच्या खोलीत उभी असताना माझी बोटं हवेत तसेच टाके घालू लागली.

मी स्वतःला बजावलं. आर्डिस पेराला, तू भुताखेतांवर हसणारी बाई. चढणाऱ्या-उतरणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी म्हातारीनं मनात आणलं तर जुळतात. घड्याळाच्या टिकटिकीलाही माणूस शब्द बसवतं. वर्ना तुला हवी आहे, म्हणून तुला ती पत्र्यात ऐकू येते.

हे सगळं बरोबर होतं. पण त्या दिवसापासून मी खोलीत शिरताना दार वाजवू लागले.

४

डिसेंबरातली गोष्ट. भरदुपारी मी तिथं केर काढत होते. समोर, माझ्या डोळ्यांदेखत, मुख्य कार्डाचा दिवा पिवळा झाला आणि विझला.

एकच कार्ड, त्याला जोडीदार नाही, आणि ते मेलं. म्हणजे दवाखाना मुका, आग लागली तर सांगायला वाट नाही, कुणाची छाती दुखली तर फोन उचलून नुसती शांतता. मी धावत भिंतीवरचा फोन उचलला.

सूर येत होता. स्वच्छ.

वळून पाहिलं. सगळ्या तारांचे दिवे लुकलुकत होते. खोरं बोलत होतं. कुणाचाही शब्द तुटला नव्हता. आणि ज्याच्यात काहीही नाही त्या खणावरचा दिवा आता नुसता हिरवा नव्हता. भराभर मिचकत होता, काम करणाऱ्या कार्डाचा मिचकतो तसा.

पंख्यांचा सूर खाली गेला. जाड झाला. कुणी अंगापेक्षा मोठं ओझं घेऊन जिना चढताना दम रोखतं तसा. आणि पट्टीमागून बारीक आवाज येऊ लागला. टक. टक-टक. टक. जी बाई पाटीसमोर बसली आहे तिला तो आवाज झोपेतही ओळखू येईल. पितळी टोक भोकात बसल्याचा आवाज. त्या यंत्रात दोऱ्या नाहीत. पंखे सोडले तर त्यात हलणारी एक वस्तू नाही.

टक-टक, टक, टक-टक-टक. इतक्या वेगानं आम्ही कधीच जोडले नव्हते. वादळाच्या दिवशीसुद्धा नाही.

मी पुढे झाले. कधी झाले ते कळलं नाही, पण माझा हात त्या पट्टीवर होता. तेवढ्यात मुख्य कार्ड पुन्हा पेटलं, जरा वेळानं त्यानं काम परत घेतलं, टकटक थांबली आणि पंखे सुटल्यासारखे सैल झाले. मी हात काढला. तळवा ओला होता. वर पाहिलं, छत कोरडं. हात ॲप्रनला पुसला, मग नाकाशी नेला. घामाला वास असतो. तो होता.

जोलीनला सांगितलं तर ती कागद चाळत म्हणाली, "कार्ड दमलंय. नवीन येईपर्यंत असंच चालेल. पण चाललं ना? फोन तुटले का?"

"नाही."

"मग झालं तर."

तिनं मान वर केली नाही. नेहमी करते.

ते पुन्हा झालं. पुन्हा झालं. रविवारी दुपारी जास्त, वृद्धाश्रमात भेटायला सोडतात त्या वेळात. यंत्राला वार कळत नाही. वार माणसाला कळतात.

५

आज दुपारी मी न सांगता वृद्धाश्रमात गेले. दारातच कोरा भेटली, वर्नाचं सगळं करणारी धिप्पाड बाई.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "जरा मुलीला सांगा. ती येऊन गेली की हिची चादर पिळून काढावी लागते. काय करते कुणास ठाऊक. नाडी अशी पळते, जसं काही ही बाई कुठून धावत आलीय."

"मुलगी आत आहे?"

"आत्ताच गेली."

मधल्या हॉलमध्ये हॉकीचा सामना लावला होता, उकडलेल्या कोबीचा वास येत होता. वर्नाच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. मी ढकललं नाही. का नाही ढकललं, मला सांगता येणार नाही. मी दारं ढकलणाऱ्यांतली आहे.

जोलीन पलंगाशेजारी खुर्चीत बसली होती, मांडीवर तिचा कॉम्प्युटर. तिनं आईच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग एक कळ दाबली.

वर्नानं डोळे उघडले.

चार महिन्यांत मी ते डोळे पाहिले नव्हते. क्षणभर मला इतका आनंद झाला की मी हाक मारणार होते. मग तिचे हात ब्लँकेटावर उठले. दोन्ही हात, हवेत, भराभर, इकडून काढ, तिकडे घाल. नखं निळी. डोळे भिंतीवरून धावत होते, एका भोकाकडून दुसऱ्याकडे, आणि भिंत संपतच नव्हती. आणि ओठ.

ती बोलत होती. त्या सपाट, सभ्य, पाळीवरच्या आवाजात. मध्ये श्वास न घेता.

"दोन डझन अंडी आणि लोणी गाडी सुरूच होत नाहीये बाबा दवाखाना का डॉक्टर आहेत का तू म्हणालास येशील बायकोला सांगितलंस का रिपोर्ट उद्या मिळेल रडू नकोस रडू नकोस गोल झाला बघितलास का तो पडलाय तो हलत नाहीये लवकर या…"

अख्खं खोरं. सगळ्यांचं सगळं एकदम. मी तीस माणसं जोडताना मधलं वाक्य कानावर पडलं तर विसरून जायची. आम्हाला ते शिकवलं होतं. हिला विसरायला वेळच नव्हता.

तिचा डावा खांदा उशीपासून सुटून मागे झाला होता. मागे, किंचित वर. मला तो ओळखू आला. पाळी संपत आली, पाठीमागे बदलीची चाहूल लागली, की आमचा प्रत्येकीचा खांदा असाच हाताकडे जायचा. तिच्या मागे नुसती भिंत होती. खांदा ती चाचपत होता.

जोलीन तिच्या तोंडाशी कान नेऊन बसली होती. ओव्हनच्या काचेशी केक फुगायची वाट बघत बसलेल्या पोरीसारखा चेहरा.

मग वर्नाचे ओठ मिटले. दमून, हळूच, एकावर एक टेकले.

आवाज थांबला नाही.

तो तसाच येत राहिला, सपाट, सभ्य, मिटल्या तोंडाच्या त्या बाईतून किंवा तिच्या आसपासच्या कुठून तरी, आणि जोलीन कान तसाच लावून बसली, जणू काही वेगळं घडलंच नव्हतं. जणू ते तिला सवयीचं होतं.

मी बाहेर आले. माझी गाडी बर्फात रुतली होती. शेजारी जोलीनची गाडी. मला फावडं हवं होतं.

६

"बोल ना," मी खोकं छातीशी धरून म्हटलं. "आज का नाही?"

"तू दारात होतीस," जोलीन म्हणाली. "कोरानं सांगितलं. म्हणून तर मागोमाग आले."

"होते."

तिचे पसरलेले हात खाली आले. पण ती कपाटासमोरून हलली नाही.

"पहिल्यांदा चुकून झालं, मावशी." ऑफिसात ती मला मावशी म्हणत नाही. "तिच्याजवळ बसून कॉम्प्युटरवर काम करत होते. तिथूनच इथलं मुख्य कार्ड तपासायला गेले आणि चुकून ते बंद केलं. माझा जीवच गेला. आणि आईनं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले होते, परत कधी उघडणार नाही! तू असतीस तर काय केलं असतंस?"

"तिला सुट्टी दिली असती."

"मरू दिलं असतं असं म्हण."

"म्हणते. मरू दे तिला."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती पांढरी पडली.

"तुला नक्की माहीत आहे? हे कार्ड आत सरकवलं की ती जाईल? का? कशी? सांग ना, एरवी सगळं येतं तुला."

"मला काही माहीत नाही," मी म्हटलं. "या खणात काय आहे ते मला माहीत नाही, आणि मला माहीत करून घ्यायचंही नाही. मी एवढंच पाहिलं की तिच्या खांद्यावर कुणी हात ठेवत नाहीये. तू तिला उठवत नाहीस, जोलीन. तू तिला राबवतेस."

"तू जळतेस. तुझ्याकडे बघतसुद्धा नाही ती, म्हणून."

"तुझ्याकडे बघते?"

"तुला काय करायचंय? सकाळ-संध्याकाळ फोन, कार्ड आलं का, कार्ड आलं का. तुझे निरोप मी ऐकतसुद्धा नाही, सांगून ठेवते. तुझं नाव दिसलं की पुसून टाकते."

"पुस. हल तिथून."

"ती माझ्याशी बोलली!"

पंख्यांचा सूर चढला, अडखळला, उतरला. आम्ही दोघींनीही तो ऐकला, आणि दोघींनीही ऐकला नाही असं दाखवलं.

"बाकीचं सगळं गावाचं असतं, मला कळत नाही का?" जोलीन म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि त्या आवाजाची मला जास्त भीती वाटली. "अंडी, हॉकी, कुणाची रडारड. तासन्‌तास मी तेच ऐकते. पण एकदा, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, मध्येच तिनं माझं नाव घेतलं. माझं नाव, मावशी! लहानपणी म्हणायची तसं. म्हणाली, 'जोलीन, अगं किती वाट बघायला लावशील? टेबल मांडून बसलेय. तुझ्यासाठी मांस भरून पेस्ट्या केल्यात, गार होतील. कुठं आहेस तिथून ये. रागावले नाही मी, नुसती ये.'"

ती रडत नव्हती. ती हसत होती. दोन महिने उशाशी घेऊन झोपलेली वस्तू माणूस दाखवतं, तशी ती ते शब्द दाखवत होती.

"आता सांग," ती म्हणाली. "ती आत आहे आणि मला बोलावतेय. आणि तू म्हणतेस, मी तिची खुर्ची काढून घेऊ? पुन्हा म्हणाली तर? आजच म्हणणार असली तर? मी ते ऐकायला नसले तर?"

मी स्टुलावर बसले. खोकं मांडीवर घेतलं. खोलीत भलतीच थंडी होती आणि त्या एका पट्टीवर दव धरलं होतं; एक थेंब स्क्रूपाशी जमला, जड झाला आणि खाली ओघळला. दिवा हिरवा होता. जोडीदार तयार. सांगितलं की उचलेल. कधीही, कितीही. मागणार नाही काही.

मला गप्प बसता आलं असतं. माझं वय आहे गप्प बसण्याचं, आणि कुणी मला कधी तरी तसा सल्लाही दिला असेल. पोरीचं एवढंच होतं. ते तिच्याकडे राहू दिलं असतं, तर उद्या दुपारी ती पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसली असती, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन, आणि परवा, आणि तेरवा, कान लावून, जोपर्यंत त्या पलंगावर कान लावण्याजोगं काही उरतं तोपर्यंत. आणि कदाचित त्यानंतरही.

"गप्प का झालीस?" जोलीन म्हणाली. "बोल की. तोंड तर कधी मिटत नाही तुझं."

मी तिच्याकडे पाहिलं. रूडीचं नाक, वर्नाची हनुवटी. माझ्या टेबलावर वाढलेली पोर.

"ते मी बोलत होते, जोलीन," मी म्हटलं, "तुझ्या घरच्या फोनवर, आणि तू उचलत नव्हतीस."